व्रोत्सवाफचा आठ मिलिमीटरचा पूल: तुटलेल्या मज्जारज्जूच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

2012 साली पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात 38 वर्षांच्या एका पुरुषावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. पहिलीत कवटी उघडून त्याचा एका बाजूचा घ्राणकंद, म्हणजे वासाचे तंतू मेंदूत जिथे पोचतात तो छोटा भाग, काढून घेतला. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि साधारण दोन आठवड्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्याच्याच पाठीतल्या तुटलेल्या मज्जारज्जूत टोचल्या. मधे उरलेली 8 मिलिमीटरची फट घोट्याजवळून काढलेल्या मज्जातंतूच्या चार पट्ट्यांनी सांधली. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते पावेल ताबाकोव. या सगळ्यामागचं मूळ संशोधन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले चेताशास्त्रज्ञ जेफ्री रेझमन यांचं.

शस्त्रक्रियेनंतरच्या 19 महिन्यांचा अहवाल 2014 मध्ये ‘सेल ट्रान्सप्लांटेशन’ या नियतकालिकात आला आणि ‘लुळा माणूस चालू लागला’ असे मथळे जगभर झळकले. माणूस चंद्रावर चालला त्यापेक्षा मला हे मोठं वाटतं, असं रेझमन स्वतः म्हणाले. अहवालाची भाषा त्या मानाने बरीच सावध आहे, आणि तो मथळ्यांपेक्षा कितीतरी जास्त वाचनीय आहे. सुधारणा झाली हे कोणी नाकारत नाही. वाद आहे तो श्रेय कशाला द्यायचं यावर, आणि त्यासाठी प्रत्येक पायरी कशासाठी होती ते नीट बघावं लागतं.

दुखापत नेमकी कशी होती

2010 मध्ये या रुग्णावर चाकूहल्ला झाला. नवव्या वक्षीय, म्हणजे छातीमागच्या, मणक्याच्या वरच्या पातळीवर मज्जारज्जू जवळजवळ पूर्ण कापला गेला. वरचं आणि खालचं टोक यांच्यामध्ये डाव्या बाजूला 8 मिलिमीटरची फट पडली. उजव्या कडेला जेमतेम 2 मिलिमीटरची ऊतीची पट्टी शिल्लक होती. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच सगळं भांडण आहे.

चाकूची जखम हा या प्रकरणातला फार महत्त्वाचा तपशील आहे आणि बातम्यांमध्ये तो बहुधा एका वाक्यात उरकला गेला. मज्जारज्जूच्या बहुतेक दुखापती अपघातात किंवा उंचावरून पडून होतात. त्यात मणका सरकतो किंवा फुटतो आणि रज्जू चिरडला जातो. तो कापला जात नाही. चिरडलेल्या जागी रक्तस्राव, सूज आणि पेशींचा मृत्यू कित्येक दिवस पसरत राहतो आणि शेवटी वर-खाली लांबवर गेलेली, द्रवाने भरलेली पोकळी उरते. तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात, कुठे जिवंत ऊती तर कुठे मृत. चाकूने झालेली जखम त्या मानाने आखीव असते: दोन टोकं, मधे मोजता येईल अशी फट. पट्ट्या टाकून सांधता येईल अशी रचना इथे मुळातच हाती होती.

पातळीही सोयीची होती. छातीच्या पातळीवर शस्त्रक्रियेत चूक होऊन मज्जारज्जूचे वरचे एक-दोन खंड गेले तर रुग्ण धडावरच्या एका पट्ट्याची संवेदना आणि थोडे स्नायू गमावतो. मानेत तेच झालं तर हाताचा पंजा जातो, आणखी वर झालं तर श्वास. म्हणून अशा प्रत्यारोपणाच्या पहिल्या चाचण्या बहुतेक वेळा वक्षीय दुखापतींवरच होतात. याची किंमत मोजमापात द्यावी लागते. त्याकडे पुढे येऊ.

हातापायातली नस जुळते, मज्जारज्जू का नाही

हाताच्या मज्जातंतूला इजा झाली की तुटलेल्या जागेपुढचे अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे संदेश नेणारे लांब तंतू, मरतात. पण त्यांच्याभोवती वेष्टन घालणाऱ्या श्वॉन पेशी जिवंत राहतात. त्या आणि बाहेरून आलेल्या भक्षकपेशी मिळून मेलेलं मायलिन, म्हणजे तंतूंवरचं वेष्टन, काही आठवड्यांत साफ करतात. मग श्वॉन पेशी रांगेत उभ्या राहून पोकळ वाट तयार करतात आणि वरून येणारा नवा अक्षतंतू त्या वाटेने दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वेगाने पुढे सरकतो.

मज्जारज्जूत यातलं जवळपास काहीच होत नाही. तिथलं मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी तयार करतात आणि ते साफ व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. त्या मायलिनमध्ये नोगो-ए सारखी प्रथिनं असतात. अक्षतंतूच्या टोकावरचे ग्राहक रेणू (रिसेप्टर) त्यांना ओळखतात आणि वाढ थांबते. जखमेच्या कडेला ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी दाट व्रण तयार करतात, त्यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन नावाचे अडथळा आणणारे रेणू साचतात. वर प्रौढ चेतापेशीची स्वतःची वाढण्याची ताकदही लहान वयाच्या मानाने घटलेली असते. सांतियागो रामोन ई काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं की मज्जारज्जूतले तुटलेले तंतू थोडे वाढतात, फुगतात आणि तिथेच अडकतात.

मग दोष तंतूचा की वाटेचा? याचं ठोस उत्तर 1981 मध्ये कॅनडातल्या ॲल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी दिलं. त्यांनी उंदरांच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा घेऊन त्याचं एक टोक मेंदूच्या देठात आणि दुसरं मज्जारज्जूत रोवलं. मेंदूच्या देठातल्या चेतापेशींचे अक्षतंतू त्या तुकड्यातून तब्बल 30 मिलिमीटर वाढले. म्हणजे प्रौढ पेशी वाढू शकते, तिला वाट हवी. पण पलीकडच्या टोकाला मज्जारज्जूत शिरल्यावर ते तंतू लगेच थबकले. आपल्याकडे उड्डाणपूल उभा राहतो आणि जोडरस्ता वर्षानुवर्षं रखडतो, तसला हा प्रकार. व्रोत्सवाफची सगळी योजना त्या जोडरस्त्याच्या प्रश्नावर बेतलेली आहे.

नाकातल्या पेशी कशाला

शरीरात एक जागा अशी आहे जिथे नवे अक्षतंतू आयुष्यभर बाहेरून मेंदूत शिरत राहतात. नाकाच्या छतातल्या वास ओळखणाऱ्या चेतापेशी काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत जगतात आणि मरतात. त्यांच्या जागी नव्या येतात. प्रत्येक नवीन पेशीला आपला तंतू हाडाच्या चाळणीसारख्या पडद्यातून वर नेऊन घ्राणकंदात जोडावा लागतो. हे होऊ शकतं कारण त्या तंतूंच्या जुड्यांना एका खास प्रकारच्या पेशी वेढून असतात आणि त्या नाकापासून थेट घ्राणकंदाच्या आतपर्यंत सलग पसरलेल्या असतात. रेझमन यांनी 1985 मध्ये या मांडणीकडे लक्ष वेधलं: मेंदूची सीमा ॲस्ट्रोसाइट पेशींनी बंद केलेली असते, पण इथे या वेढणाऱ्या पेशी ती उघडी ठेवतात. ऑलफॅक्टरी एन्शीथिंग सेल या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ओईसी म्हणतात.

ओईसी या स्टेम सेल नाहीत. त्यांच्यापासून नवी चेतापेशी बनत नाही. ‘स्टेम सेलने माणूस चालला’ असं या प्रकरणाबद्दल जे सर्रास लिहिलं जातं ते चूक आहे. ओईसीचं काम वाट उघडण्याचं. चालायचं ते रुग्णाच्या स्वतःच्या जुन्याच चेतापेशींच्या तंतूंनी.

1997 मध्ये यिंग ली, पॉलिन फील्ड आणि रेझमन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की उंदराच्या मानेजवळ मेंदूकडून येणारा मुख्य चालक मार्ग, म्हणजे हालचालीच्या आज्ञा नेणारे तंतू, एका बाजूने तोडून तिथे ओईसी टोचल्या तर तंतू जखम ओलांडतात आणि उंदीर तो पंजा पुढे करून अन्न उचलू लागतो. मात्र ती जखम इवलीशी होती, टोचलेल्या पेशींनीच भरून निघेल इतकी. माणसातली 8 मिलिमीटरची फट पेशींनी भरणार नाही, त्या वाहून जातील किंवा विखुरतील. म्हणून योजना दुहेरी झाली: फटीत मज्जातंतूच्या पट्ट्या, आणि दोन्ही तीरांवर ओईसी.

शस्त्रक्रिया, पायरीपायरीने

पेशी नाकाच्या आतल्या अस्तरातूनही मिळतात. त्यासाठी कवटी उघडावी लागत नाही, दुर्बिणीने तुकडा काढता येतो. याच पथकाने आधी तीन रुग्णांवर तसं केलंही होतं. पण अस्तरातून मिळणाऱ्या मिश्रणात ओईसीचं प्रमाण कमी पडतं. घ्राणकंद हा त्या मानाने समृद्ध साठा. तो काढण्यातला धोका म्हणजे त्या बाजूचा वास कायमचा जाणं. प्रत्यक्षात, आणि लेखकांनाही अनपेक्षितपणे, या रुग्णाचा त्या बाजूचा वास कायमचा गेला नाही.

प्रयोगशाळेतली पायरी वाचताना सोपी वाटते. घ्राणकंदाचे बारीक तुकडे करून विकरांनी पेशी सुट्या करतात, थाळीत पसरवून वाढवतात. त्यात ओईसीबरोबर घ्राणतंतूंभोवतीच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊती बनवणाऱ्या, पेशीही असतात. फायब्रोब्लास्ट मुळात भराभर वाढणारे. थाळी जास्त दिवस ठेवली तर तेच सगळी जागा व्यापतात, कमी दिवस ठेवली तर एकूण पेशी पुरत नाहीत. जंतुसंसर्ग झाला तर सगळंच टाकून द्यावं लागतं, आणि घ्राणकंद तर आधीच काढलेला असतो. फायब्रोब्लास्ट पूर्ण गाळून टाकणंही इष्ट नाही, कारण रेझमन यांच्या मते दोन्ही पेशी एकत्र असल्या तरच वाट नीट तयार होते. शेवटी हाती आल्या सुमारे 5 लाख पेशी. आकडा मोठा वाटला तरी मज्जारज्जूच्या दोन टोकांत वाटायला तो तुटपुंजाच आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत आधी व्रण काढला. ही सर्वांत जोखमीची पायरी. व्रण कमी काढला तर पट्टीचं टोक जिवंत ऊतीला भिडत नाही. जास्त काढला तर शाबूत तंतू जातात, फट लांबते आणि दुखापतीची पातळी वर सरकू शकते. उजव्या कडेची 2 मिलिमीटरची पट्टी तर हातही न लावता ठेवायची. शिवाय व्रण हा केवळ शत्रू आहे हेही आता तितकं सरळ राहिलेलं नाही: 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या उंदरांवरच्या कामात ॲस्ट्रोसाइटचा व्रण होऊच दिला नाही तर तंतूंची वाढ सुधारण्याऐवजी बिघडली. ताज्या जखमेतला व्रण आणि 21 महिन्यांचा जुना, आकसलेला व्रण यात फरक असणारच, पण सरसकट ‘व्रण काढा’ हा धडा या प्रकरणातून घेऊ नये.

मग पेशी. एकाच जागी भरपूर द्रव टोचला तर दाबाने तिथेच नवी जखम होते आणि सुई काढताना निम्म्या पेशी सुईच्या वाटेने बाहेर येतात. म्हणून फटीच्या वर आणि खाली मिळून सुमारे 100 ठिकाणी अत्यल्प मात्रेत टोचण्या दिल्या. पेशी रुग्णाच्याच असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली नाहीत. बाहेरच्या दात्याच्या पेशी वापरणाऱ्या पद्धतींपेक्षा हा मोठा फायदा.

शेवटी पूल. पोटरीच्या मागून घोट्याकडे उतरणारा सूरल मज्जातंतू यासाठी नेहमीच निवडतात. हात किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या दुरुस्तीतही तोच लागतो. तो काढल्यावर पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येतो. ज्याला कमरेखाली काहीच जाणवत नाही त्याच्या बाबतीत हा तोटा कागदावरच राहतो. चार पट्ट्या बहुतांश डाव्या बाजूला बसवल्या गेल्या, फट तिथेच होती म्हणून. पट्टी आणि रज्जू यांच्यात थोडी जरी पोकळी राहिली तरी तिथे पुन्हा व्रण भरतो, त्यामुळे टोकं नीट भिडवण्यातच सगळं कसब.

शस्त्रक्रियेआधी अनेक महिने आणि नंतरही दिवसाला पाच तास, आठवड्याचे पाच दिवस व्यायामोपचार चालू होते. प्रकरणाचा हा भाग बातम्यांमध्ये सर्वांत कमी आणि अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा.

काय परत आलं, आणि ते मोजलं कसं

अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनची श्रेणी, दवाखान्यातल्या बोलण्यात ‘एशिया स्केल’, ही जगभरची मोजपट्टी आहे. शरीराच्या प्रत्येक बाजूला 28 ठिकाणी टाचणीचा आणि कापसाचा स्पर्श 0 ते 2 गुणांत, आणि 10 ठरावीक स्नायूगटांची ताकद 0 ते 5 गुणांत मोजतात. ‘ए’ म्हणजे सर्वांत खालच्या त्रिक खंडांत, गुदद्वाराजवळ, ना संवेदना ना हालचाल. ‘बी’ म्हणजे तिथे संवेदना आहे, पण दुखापतीखाली हालचाल नाही. ‘सी’ म्हणजे ऐच्छिक हालचाल आहे, पण दुखापतीखालच्या निम्म्याहून अधिक ठरावीक स्नायूंची ताकद 3 पेक्षा कमी. 3 म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव पूर्ण उचलता येणं. ‘डी’मध्ये निदान निम्मे स्नायू तिथवर पोचतात.

वक्षीय पातळीच्या चाचण्यांची मघाशी म्हटलेली किंमत इथे दिसते. 10 ठरावीक स्नायूगटांपैकी पाच हातांत आणि पाच पायांत आहेत. छाती आणि पोटाच्या पट्ट्यात एकही नाही. त्यामुळे तंतू दोन-तीन खंड खाली वाढले तरी हालचालीच्या गुणांत शून्य फरक पडतो. गुण वाढायचे तर संदेश कमरेच्या खंडांपर्यंत, मांडीच्या स्नायूंच्या चेतापेशींपर्यंत पोचायला हवा.

हा रुग्ण दुखापतीनंतर 21 महिन्यांनी ‘ए’ होता आणि शस्त्रक्रियेनंतर 19 महिन्यांनी ‘सी’. शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन महिन्यांनी त्याच्या डाव्या मांडीत स्नायू भरत असल्याचं त्याच्या लक्षात आलं. सहा महिन्यांनी तो पायांना आधारपट्टे लावून, दोन समांतर दांड्यांमध्ये, व्यायामोपचारतज्ज्ञाच्या मदतीने पहिली पावलं टाकू शकला. दोन वर्षांनी चालायच्या चौकटीच्या (वॉकर) आधाराने पुनर्वसन केंद्राबाहेर चालत होता. धडाचा तोल सुधारला, वरवरची आणि खोल संवेदना अंशतः आली, मूत्राशय आणि आतड्याची थोडी जाणीव परतली. मणक्याची दुखापत झालेल्या माणसाला विचाराल तर चालण्याआधी तो मूत्राशयाचंच नाव घेईल. कॅमेऱ्याला ते दिसत नाही एवढंच.

पाय हलला म्हणजे मेंदूने हलवला असं होत नाही. दुखापतीखालचा मज्जारज्जू जिवंत असतो, त्याची प्रतिक्षिप्त मंडलं जास्तच उत्तेजित झालेली असतात, आणि पाय कडक होऊन आपोआप झटके देतात. नातेवाईकांना पहिल्या महिन्यांत ‘पाय हलला’ म्हणून होणारा आनंद बहुतेक वेळा या झटक्यांचा असतो. ऐच्छिक हालचाल ठरवायला स्नायूची विद्युत नोंद घेत आज्ञा द्यावी लागते: आता उचला, आता सैल सोडा. आज्ञेबरोबर नोंद सुरू आणि बंद झाली, पुनःपुन्हा झाली, तर ती ऐच्छिक. या रुग्णात ती तशी होती, आणि चेताशरीरशास्त्रीय तपासण्यांत मेंदूकडून खाली येणारा चालक मार्ग पुन्हा जोडल्याचं दिसल्याचं अहवाल सांगतो. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला पट्ट्यांनी फट सांधलेली दिसली. एमआरआयला मात्र सुटा अक्षतंतू दिसत नाही. पूल उभा आहे हे तो दाखवतो, पुलावरून कोण गेलं ते नाही.

श्रेय कोणाचं

इथे चार गोष्टी एकाच माणसावर एकदम झाल्या: व्रण काढला, पेशी टोचल्या, पट्ट्या बसवल्या, आणि जोरकस व्यायाम. तुलनेला दुसरा रुग्ण नाही. अशा वेळी प्रत्येक पर्यायी स्पष्टीकरण एकेक करून तपासावं लागतं.

आपोआप सुधारणा? अमेरिकेतल्या मोठ्या नोंदपटावरून 2004 मध्ये आलेल्या अभ्यासात दुखापतीनंतर एका वर्षाने ‘ए’ असलेल्यांपैकी सुमारे 94 टक्के लोक पाच वर्षांनीही ‘ए’च होते. थेट ‘सी’पर्यंत गेलेले जेमतेम एक टक्का. म्हणजे शक्यता शून्य नाही, पण तिच्यावर पैज लावावी अशीही नाही. नुसता व्यायाम? शस्त्रक्रियेआधीचे महिने त्याच उपचारात गेले आणि काहीच हललं नव्हतं. हा आधीचा काळ नीट नोंदलेला नसता तर हे प्रकरण आज कोणी गंभीरपणे वाचलंच नसतं.

खरी अडचण त्या 2 मिलिमीटरच्या पट्टीची. तिच्यात काही तंतू शाबूत पण मुके असतील तर? ही नुसती शंका नाही. 2014 मध्येच अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या गटाने हालचाल पूर्ण गेलेल्या चार रुग्णांच्या मज्जारज्जूवर विद्युत उद्दीपक बसवल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दोघे ‘ए’ होते. उद्दीपन चालू असताना चौघेही आज्ञेनुसार पाय हलवू शकले. एकही पेशी न टोचता. तपासणीत ‘पूर्ण’ दिसणारी दुखापत ऊतीच्या पातळीवर पूर्ण असेलच असं नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. शिवाय 2008 मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं होतं की लांब तंतू तुटले तरी रज्जूतल्या आखूड तंतूंची साखळी जखमेला वळसा घालून संदेश खाली पोचवू शकते. उजवीकडच्या पट्टीतून उतरून खाली डावीकडे ओलांडणं त्यामुळे अशक्य म्हणता येत नाही.

याच्या विरोधात एक भक्कम मुद्दा आहे. पूल डावीकडे होता आणि स्नायूही डाव्या मांडीचा भरला. मेंदूकडून येणारा मुख्य चालक मार्ग मेंदूच्या देठातच बाजू बदलतो, त्यामुळे मज्जारज्जूची डावी बाजू डाव्याच पायाला चालवते. शाबूत पट्टीच सगळं करत असती तर उजवा पाय पुढे असायला हवा होता. आमच्या मते अहवालातला सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे, चालण्याच्या चित्रफितीपेक्षा कितीतरी जास्त.

पण त्यातून सिद्ध होतं ते इतकंच की डावीकडे जे केलं त्याने काही घडलं. ओईसीमुळे घडलं की नुसत्या मज्जातंतूच्या पट्ट्यांमुळे, हे त्यातून कळत नाही. 1996 मध्ये स्टॉकहोममध्ये हेन्रिच चेंग, यिहाय काओ आणि लार्स ओल्सन यांनी उंदरांच्या मज्जारज्जूचा 5 मिलिमीटरचा तुकडा काढून तिथे बरगड्यांमधल्या मज्जातंतूचे 18 बारीक तुकडे बसवले, सोबत वाढीला चालना देणारं एक प्रथिन दिलं. ओईसी नव्हत्या, तरी मागच्या पायांत अंशतः हालचाल आली.

बाकी ठिकाणी काय झालं

व्रोत्सवाफच्या पथकानेच 2013 मध्ये नाकाच्या अस्तरातल्या पेशी टोचलेल्या तीन आणि न टोचलेल्या तीन रुग्णांचा अहवाल दिला होता. वर्षभरात गंभीर दुष्परिणाम नाहीत, टोचलेल्यांपैकी दोघांची एशिया श्रेणी सुधारली. ब्रिस्बेनमध्ये ॲलन मॅके-सिम यांच्या गटाने तीन वर्षांचा पाठपुरावा करून 2008 मध्ये सांगितलं: पद्धत सुरक्षित, पण हालचालीत फायदा नाही.

केंब्रिजच्या गटाने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेली कुत्र्यांवरची चाचणी मला यात सर्वांत बोलकी वाटते. प्रयोगशाळेतले नव्हे, घरचे पाळीव कुत्रे, खरोखर मणक्याचा विकार होऊन मागचे पाय गेलेले. 34 पैकी 23 जणांना त्यांच्याच नाकातल्या पेशी टोचल्या, 11 जणांना नुसता द्रव. मालकांना आणि तपासणाऱ्यांना कोणाला काय दिलं ते ठाऊक नव्हतं. पेशी मिळालेल्या कुत्र्यांचे पुढचे आणि मागचे पाय फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिल) चालताना जास्त मेळात पडू लागले. पण मेंदूपर्यंतचे लांब मार्ग जोडल्याची खूण सापडली नाही. म्हणजे ओईसीने रज्जूतली आखूड जोडणी सुधारली. व्रोत्सवाफचा दावा याहून पुढचा, लांब मार्गांचा आहे, आणि तिथे पट्ट्यांचा पूल होता, कुत्र्यांमध्ये नव्हता.

वाईट उदाहरणंही आहेत. लिस्बनमध्ये पेशी वेगळ्या न करता नाकाच्या अस्तराचे तुकडेच मज्जारज्जूत ठेवत. अस्तर ते अस्तर: त्यात श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशीही असतात. 2014 मध्ये अशा उपचारानंतर आठ वर्षांनी एका तरुणीच्या मज्जारज्जूत श्लेष्मासारख्या द्रवाने भरलेली गाठ सापडल्याचं प्रसिद्ध झालं. थाळीत पेशी निवडून घेण्याची ती दोन आठवड्यांची कटकट का करायची, याचं हे उत्तर. बीजिंगमध्ये गर्भाच्या ओईसी शेकडो रुग्णांना टोचल्या गेल्या. 2006 मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांनी सात रुग्ण आधी आणि नंतर तपासले तेव्हा उपयोगी सुधारणा दिसली नाही, काहींना मेंदूज्वर झालेला आढळला.

मुंबई-पुण्यात विचारणा करणाऱ्यांसाठी

हे प्रकरण दाखवून ‘असंच आमच्याकडेही होतं’ म्हणणारे उपचार आपल्याकडे विकले जातात. बहुधा तिथे अस्थिमज्जेतल्या पेशी काढून कमरेतून मणक्याच्या द्रवात सोडतात. पेशी वेगळ्या, जागा वेगळी, पूल नाही, व्रणाला हात नाही. व्रोत्सवाफशी त्याचा संबंध नावापुरताही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि तत्सम ठरावीक विकारांसाठीचं अस्थिमज्जा-रक्तपेशी प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर हा उपचार नसून संशोधन आहे. तो मंजूर चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

कोणी देऊ केलं तर आधी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीतला क्रमांक मागा आणि तो स्वतः शोधून बघा. दुखापतीला वर्ष झालं आहे का? त्याआधी काही टोचून झालेली सुधारणा कोणाच्याच खात्यात टाकता येत नाही, कारण पहिल्या वर्षात अनेकांना आपोआप थोडंफार परत येतं. त्रिक खंडांसह पूर्ण एशिया तपासणी, काही महिन्यांच्या अंतराने दोनदा, टोचणाऱ्याखेरीज दुसऱ्या डॉक्टरने केलेली असावी. गुदद्वाराची तपासणी संकोचाने टाळली जाते. ती नसेल तर ‘ए’ की ‘बी’ हेच ठरत नाही, आणि मग ‘ए’चा ‘बी’ झाल्याचं कागदावर दाखवणं फार सोपं. शेवटचं म्हणजे इंजेक्शनआधी व्यायामोपचार किती तास चालू होता ते विचारा. घरी पडून असलेल्या माणसाला इंजेक्शनबरोबर पहिल्यांदाच रोज तीन तास व्यायाम मिळाला, तर सुधारणा व्यायामाची आणि बिल पेशींचं.

पुढे

2016 मध्ये व्रोत्सवाफच्या पथकाने जगभरातून आणखी दोन रुग्णांचा शोध जाहीर केला. अट अशी की मज्जारज्जू पूर्ण कापलेला हवा, कडेला पट्टीसुद्धा शिल्लक नको. हेतू उघड होता: 2 मिलिमीटरचा आक्षेपच संपवायचा. पण अशी स्वच्छ कापलेली आणि जगलेली माणसं अत्यंत विरळ. रेझमन जानेवारी 2017 मध्ये वारले.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठातल्या जेम्स सेंट जॉन यांच्या गटाने दुसरी वाट धरली आहे. घोट्यातला मज्जातंतू न काढता, नाकातून घेतलेल्या पेशींचाच त्रिमितीय पूल प्रयोगशाळेत तयार करून तो जुन्या दुखापतीत बसवायचा. त्यांच्या चाचणीत शस्त्रक्रियेआधीचा व्यायामोपचार सगळ्यांना सक्तीचा आहे, आणि एका गटाला व्यायाम मिळतो पण प्रत्यारोपण नाही.